सतरंजीवरचं धर्मशिक्षण

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचं शब्दांकन)



विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा तर चर्चला जाणाऱ्या बायांचा विषय, आम्ही कशाला ऐकायचा? जरा थांबा. घरात आठवी-नववीतलं लेकरू असेल तर ऐका. तुमच्यापैकी कुणाचं पोरगं हरिपाठाला बसत नाही, कुणाचं विहारात वंदनेला येत नाही, आणि आमचं मिस्सेच्या वेळी चर्चच्या मागच्या दाराशी उभं राहून मोबाईल बघतं. मी आमच्या घरचं सांगते. त्यात तुमच्या घरचं काही सापडलं तर घ्या.

मी श्रीरामपूर-राहाता पट्ट्यातल्या एका वस्तीवर राहते. आम्ही कॅथलिक. हरेगावची मतमाउलीची यात्रा तुम्हाला माहीतच आहे, सप्टेंबरात भरते, सगळ्या जातीधर्माच्या बाया मेणबत्ती लावायला येतात. त्या यात्रेला आमची पोरं हौसेनं येतात. पाळण्यात बसतात, फोटो काढतात, गर्दीत मतमाउलीपुढं हातही जोडतात. यात्रेची काळजी मला नाही. काळजी आहे ती वर्षातल्या बाकीच्या रविवारांची.

आमच्याकडची रीत अशी. मूल तिसरी-चौथीत गेलं की त्याला पहिल्यांदा ख्रिस्तशरीर मिळतं. त्याआधी सिस्टर किंवा मास्तर त्याला प्रार्थना पाठ करून घेतात. (धर्मशिक्षकाला आमची जुनी माणसं नुसतं मास्तर म्हणतात.) पांढरे कपडे, मेणबत्ती, जेवण, फोटो. त्यानंतर थोडं मोठं झालं की दृढीकरण, म्हणजे बिशप येऊन कपाळाला पवित्र तेल लावतात, आता तू विश्वासात जाणता झालास असं सांगतात. आणि त्यानंतर एकदम लग्न! या तीन दिवशी मूल चर्चमध्ये नक्की दिसणार. मधल्या वर्षांत त्याच्या मनात काय चाललंय ते कुणी विचारत नाही, आणि नेमकं त्याच वर्षांत त्याच्या मनात सगळ्यात जास्त चाललेलं असतं.

पाठांतराला मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगते. दवाखान्यात, अपघातात, रात्री-अपरात्री तोंडाला येतं ते पाठ केलेलंच. माझ्या सासूबाईंना शेवटच्या दिवसांत माणसं ओळखू येत नव्हती, पण जपमाळ हातात दिली की ओठ हलायचे. पण तेरा वर्षांच्या पोराला प्रार्थना येत असली तरी त्याला तिच्याबद्दल काही विचारायचं असतं. साठ पोरांच्या वर्गात ते विचारणार नाही. एकानं तोंड उघडलं तर मागचे चार हसतात. मग ते गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या पोराला आपण समजूतदार म्हणतो.

बायांनो, हे आपल्याला कळायला कुणी पुस्तक लिहायला नको. बचत गटात आपण दहा ते वीस जणीच का असतो? ग्रामसभेत जी बाई पदर तोंडाशी धरून मागं उभी राहते, तीच गटाच्या बैठकीत सतरंजीवर बसली की म्हणते, “थांबा, माझा हप्ता मागच्या महिन्यात भरलाय, वही काढा.” माणसं कमी असली, समोरासमोर बसलेली असली, की आवाज फुटतो. मी पोरांसाठी वेगळं काहीच केलं नाही. तीच सतरंजी, तसाच गोल.

आमच्या गटात आज नऊ जण आहेत, पाच मुली आणि चार मुलगे, तेरा ते सोळा वर्षांचे. रविवारी दुपारी चार वाजता माझ्या पडवीत बसतो. फादरांकडे बऱ्याच वस्त्या आहेत, त्यामुळे आमच्या वस्तीवर मिस्सा दर रविवारी होत नाही. पण गट दर रविवारी बसतो. उसाच्या हंगामात दोन-तीन घरं तोडीला जातात, तेव्हा गट सहाचा होतो. चालतं. बारावर गेला तर मात्र मी दोन गट करीन, कारण बाराच्या पुढं पुन्हा वर्ग होतो.

आता आम्ही करतो काय, ते सांगते. शुभवर्तमान वाचायची एक सात पायऱ्यांची पद्धत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को नावाच्या संस्थेनं ती बसवली, तिथून ती आशियातल्या गावागावांत आली. जिथं फादर रोज पोचत नाहीत तिथल्या साध्या माणसांसाठीच ती केलेली आहे, म्हणून आपल्याला जमते. आधी कुणीतरी आपल्या शब्दांत प्रभूला बोलावतं. मग एक जण उतारा वाचतो, सावकाश. मग ज्याला जो शब्द लागला तो त्यानं मोठ्यानं म्हणायचा, तीनदा, मध्ये थोडं थांबून. मग सगळ्यांनी गप्प बसायचं. मग ज्याला वाटेल त्यानं सांगायचं, हा शब्द मला का लागला. त्यावर कुणी वाद घालायचा नाही, कुणी प्रवचन द्यायचं नाही, मीसुद्धा नाही. (मला हे फार अवघड जातं.) मग या आठवड्यात आपण काय करायचं ते ठरवायचं, आणि शेवटी प्रार्थना.

त्या गप्प बसण्याबद्दल बोलते. सुरुवातीच्या रविवारी ही पोरं एक मिनिटसुद्धा गप्प बसू शकली नाहीत. एक खुदकन हसायचा, की सगळे. कोंबडी पडवीत शिरायची, तिच्यावर हसायचे. मी रागावले नाही, घड्याळ लावलं नाही. महिनाभरानं हसू आपोआप ओसरलं. आता तीन-चार मिनिटं शांत बसतात, आणि मला वाटतं आठवड्यात त्यांच्या कानाला विसावा मिळतो तो तेवढाच.

एकदा उतारा होता वादळाचा. येशू होडीत झोपलेला आहे, लाटा आत येतायत, शिष्य घाबरलेत, असा. शब्द सांगायची वेळ आली. कुणी ‘वादळ’ म्हणालं, कुणी ‘भीती’. एक मुलगा म्हणाला, “उशी.” तीनदा म्हणाला, उशी, उशी, उशी. सगळे हसले. मी पुस्तकात पाहिलं तर खरंच, मार्कच्या शुभवर्तमानात येशू उशीवर डोकं ठेवून झोपलाय असं लिहिलंय. इतक्या वर्षांत माझं तिकडं लक्षच नव्हतं. सांगायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, “माझे पप्पा ऊस वाहतात. ट्रॅक्टरमध्येच झोपतात, बारदानाची उशी करून. रात्री फोन लागला नाही की मम्मी जागी राहते.” एवढंच बोलला. नंतर पडवीत कुणी हसलं नाही. त्या आठवड्यात काय करायचं ते ठरवताना पोरांनी ठरवलं की रस्त्याला लागणाऱ्या ट्रॉल्यांना मागं लावायला लाल चमकपट्ट्या आणायच्या. दोन ट्रॉल्यांना लावल्याही. हे धर्मशिक्षण आहे का, असं मला एका बाईनं विचारलं. मी म्हटलं, तुम्ही दुसरं नाव सुचवा.

दुसरा एक उतारा आमच्याकडं फार रंगतो, लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची गोष्ट. धाकटा मुलगा बापाला म्हणतो, माझी वाटणी दे. तुम्हीच सांगा, आपल्याकडच्या पोरांना ही गोष्ट समजावून द्यावी लागेल का? वाटणी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं बांध उभा राहतो. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, ते त्यांनी घरात पाहिलंय. निम्मे पोर थोरल्या भावाच्या बाजूनं होते. “तो राबला आणि वासरू कापलं ते धाकट्यासाठी, हे बरोबर नाही,” असं एक मुलगी तावातावानं म्हणाली. तिच्या घरी थोरली तीच आहे, हे मला माहीत होतं. मी तिला चूक म्हटलं नाही. गोष्ट बापावरच संपते, थोरला आत गेला की नाही ते येशू सांगतच नाही, एवढंच दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे अजून दारातच उभा आहे?” पुढचे दोन रविवार तिनं तोच विषय काढला.

आणि त्याच बैठकीत एकीनं विचारलं, “या गोष्टीत आई कुठंय? आणि बहिणीला वाटणी का नाही?” आईचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, ते तिच्यावरच सोपवलं, तू लिहून आण म्हटलं. आणि तिनं आणलं, वहीचं दीड पान. त्यात आई रोज एक भाकरी जास्तीची थापत असते. बहिणीच्या वाटणीचं उत्तर मात्र होतं, ते तुम्हालाही सांगून ठेवते. ख्रिस्ती कुटुंबांना वारशासाठी १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, आणि मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगा-मुलगी यांचा हिस्सा सारखा आहे. पोरींनी हे ऐकून एकमेकींकडं पाहिलं, पोरांनी सतरंजीकडं.

आता थोडं जड बोलते. शेजारच्या वस्तीवरच्या एका माणसानं आपलं जीवन संपवलं. शेती, कर्ज, आणि बाहेरून कुणाला न दिसणारं आणखी काय काय. त्यांचा मुलगा आमच्या गटातल्या पोरांच्या वर्गात. मातीला आम्ही सगळे गेलो. पुढच्या रविवारी उतारा वाचून झाला तरी शब्द कुणी सांगेना. शेवटी एका मुलीनं विचारलं, “काकी, आजी म्हणते असा माणूस सरळ नरकात जातो. मग फादरांनी त्याच्यासाठी मिस्सा कशी केली?”

अशा वेळी दोन वाटा फार सोप्या असतात. एक, “असं बोलू नये” म्हणून गप्प करणं. दुसरी, “नाही गं, देव सगळ्यांना माफ करतो” म्हणून पटकन पांघरूण घालणं. मी म्हटलं, “तुझा प्रश्न मोठा आहे, त्याला घाई नको. आज आपण त्या घरासाठी प्रार्थना करू. उत्तर फादरांना बोलावून, पुस्तक उघडून पुढच्या रविवारी.” वहीत प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेतला.

फादर आले. त्यांनी आधी आजीची बाजू सांगितली, हे मला फार आवडलं. चर्चच्या १९१७ च्या जुन्या नियमावलीत, जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता. आजी मनानं काही रचून सांगत नव्हती, तिच्या लहानपणी तिनं तेच ऐकलेलं. १९८३ ला नवी नियमावली आली, तिच्यात ती मनाई उरली नाही. मग त्यांनी १९९२ चा कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ उघडला. जीवन देवानं दिलंय, ते संपवणं योग्य नाही, असं चर्च आजही शिकवतं, आणि हेही फादरांनी लपवलं नाही. पण त्याच ठिकाणी पुढं सांगितलंय, की मनाचं गंभीर दुखणं, भयंकर भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, अशा माणसाच्या तारणाची आशा आपण सोडायची नाही, देवाला ठाऊक असलेल्या वाटा असतात, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं.

त्या मुलीनं विचारलं, “मग हे आजीला कुणी सांगितलं का नाही?” फादर म्हणाले, “आता तू सांग.”

तिनं सांगितलं की नाही, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. पण पोरांनी त्या आठवड्याचं काम ठरवलं. त्या मुलाच्या बुडालेल्या सगळ्या विषयांच्या वह्या चौघांनी वाटून घेतल्या, उतरवून दिल्या, आणि त्याच्या घरी जाताना काय बोलायचं नाही, तेही आपसांत ठरवून गेली. मी तेव्हा पोरांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मन फार खचलं, जगणं नको वाटायला लागलं, स्वतःला किंवा घरातल्या कुणाला, तर सरकारची टेली मानस ही फोनसेवा आहे, नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. वहीत लिहून ठेवा.

हा एक प्रश्न साठ पोरांच्या वर्गात कुणी विचारला असता का? मला नाही वाटत. आणि न विचारता तो कुठं गेला असता? पोरीच्या मनात राहिला असता, की ज्या देवाची प्रार्थना मी म्हणते तो माझ्या मित्राच्या बापाला जाळतोय. अशी पोरगी पुढं चर्चला येईनाशी झाली, की आपण म्हणणार, कॉलेजात गेली आणि बिघडली.

आमच्यातली काही वडीलधारी माणसं म्हणतात, पोरांना प्रश्न विचारायची सवय लावू नका, डोक्यावर बसतील. त्यांना मी लूकच्या शुभवर्तमानातलाच प्रसंग सांगते. येशू बारा वर्षांचा असताना सणाच्या गर्दीत आईबापांपासून मागं राहिला. मरिया आणि योसेफ त्याला तीन दिवस शोधतायत. सापडला कुठं? मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसलेला. आणि तिथं तो त्यांचं ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, असं लूकनं लिहिलंय. आईनं त्याला चांगलं खडसावलं, त्यानं उलट उत्तर दिलं, ते तिला कळलंही नाही, आणि तिनं ते सगळं मनात जपून ठेवलं. तेरा-चौदाच्या लेकराची आई असलेल्या बाईला हा प्रसंग वाचून रडू येईल, मला तरी आलं.

आणि आपल्या मराठीतलंच आणखी एक सांगते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून गोव्यात आलेले येशूसंघी. त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं, ते १६१६ साली छापलं गेलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. हे पुराण का लिहिलं, ते त्यांनी त्यातच सांगितलंय. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्र्याला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही वाचू देत नाही, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? बघा, केवढा धीट प्रश्न! आणि गुरूनं त्याला बसवून ठेवलं नाही, पुराण लिहायला घेतलं. कुणीतरी विचारलं म्हणून चारशे वर्षांपूर्वी मराठीला एवढा मोठा ग्रंथ मिळाला. आमच्या पोरांनी विचारलं तर मला पुस्तक लिहायचं नाही, नुसतं ऐकायचंय.

सगळ्याच प्रश्नांना उत्तरं असतात असं नाही, हेही खरं. एका मुलानं विचारलं, “शाळेच्या दाखल्यावर मी एक आहे आणि चर्चच्या वहीत दुसरा. मी नक्की कोण?” आमच्या भागातल्या बायांना तो काय म्हणतोय ते लगेच कळलं असेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, १९५६ ला शिखांना आणि १९९० ला बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांना आजही नाही. धर्म बदलल्यानं गावानं आम्हाला वागवणं बदललं का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर पोरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. घरोघरी आईबापांनी त्यातून आपापली वाट काढलेली असते, आणि पोर ते पाहत मोठं होतं. त्याला आपण पवित्र आत्म्याच्या देणग्या शिकवणार आणि हे सोडून देणार, तर ते आपल्याला गंभीरपणे का घेईल? मी त्याला कायदा सांगितला, फादरांनी त्याला बाप्तिस्मा म्हणजे काय ते सांगितलं. तो म्हणाला, “कळलं, पण पटलं नाही.” ठीक आहे. तो येतोय. मागच्या रविवारी मेणबत्ती त्यानंच लावली.

आता काही जणी मनात म्हणत असतील, हिला जमतं, मला कुठं जमायचं, मी तर सातवी पास. मी दहावी नापास आहे. गट चालवणारीला सगळी उत्तरं यायला पाहिजेत, हा आपला गैरसमज. तिला प्रश्न वहीत लिहून घेता आला पाहिजे आणि ज्याला उत्तर येतं त्याच्याकडं नेता आला पाहिजे. आमच्या चर्चचीच शिकवण आहे की लेकरांचे पहिले धर्मशिक्षक म्हणजे आईबाप. भाषेची अडचण असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेलं ‘सुबोध बायबल’ घ्या, २०१० साली निघालं, पोरांना वाचताना अडखळायला होत नाही. आमच्या गटात तेच वाचतो.

जमवताना जे मला उपयोगी पडलं ते सांगते. जागा उघडी असावी, पडवी, ओटा, झाडाखाली, जिथून जाता-येता माणसांना दिसेल. मोठी बाई एकटी नसावी, नेहमी दोघी. माझ्याबरोबर माझी जाऊ असते. कुठल्याही मोठ्या माणसानं, मग ते फादर असोत, मास्तर असोत की मी, एका मुलाला एकटं आत घेऊन बसायचं नाही. हे आईबापांना आणि पोरांना दोघांनाही स्पष्ट सांगायचं. पोरानं काही अत्याचाराचं सांगितलं तर ते “गटातली गोष्ट गटात” म्हणून झाकायचं नाही. १०९८ वर फोन करायचा, पोलिसांना कळवायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते आपल्यावर बंधनच आहे. बाकीच्या गोष्टी मात्र गटाबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. कुणाचा बाप पितो हे गटात कळलं आणि सोमवारी हापशावर पोचलं, तर मंगळवारी गट संपला.

मोबाईल? टोपलीत. माझाही. पहिल्यांदा माझाच ठेवते.

खायला काहीतरी ठेवा. फार नाही, शेंगदाणे-गूळ, मुरमुरे. चार वाजता पोरं भुकेली असतात आणि भुकेल्या पोराला दाखला ऐकू येत नाही. खर्चासाठी आमच्या बचत गटातल्या बाया आळीपाळीनं देतात, त्यात ख्रिस्ती नसलेल्याही आहेत. एक माळकरी आजी आहेत, त्या गूळ पाठवतात आणि निरोप देतात, “पोरांना सांग, आमच्या तुकोबांचंही एखादं ऐका.” ऐकतो कधीकधी.

मुलं-मुली एकत्र बसवायची का, हे गावागावावर आहे. आमच्याकडं एकत्र बसतात, पण महिन्यातून एकदा मुली वेगळ्या बसतात. पाळीच्या दिवसांत मिस्सेला जायचं का, ख्रिस्तशरीर घ्यायचं का, असले प्रश्न त्या तेव्हाच काढतात. घ्यायचं, कसलीच मनाई नाही, असं चर्चचं उत्तर आहे. पण आमच्या घरांतसुद्धा आज्या-सासवांचा जुना विटाळ अजून दारात बसलेला असतो, त्यामुळे ते मोठ्यानं सांगावं लागतं. मी रेडिओवरूनही सांगितलं, बरं झालं.

या वर्षी आमच्यातली चौघं दृढीकरणाला बसणार आहेत. नेहमीच्या पद्धतीप्रमाणं त्यांनी एखाद्या संताचं नाव निवडायचंय. ‘उशी’वाल्या मुलानं अजून निवडलेलं नाही. तो म्हणतो, ट्रॅक्टर चालवणारा कुणी संत आहे का बघा. मी शोधतेय. कुणाला माहीत असेल तर रेडिओच्या पत्त्यावर कळवा, पुढचा रविवार यायच्या आत.